दहाव्याला फिरलेली पृथ्वी

अंगद सरांचं म्हणणं एकदम स्वच्छ होतं. कावळा हा पक्षी आहे. पक्ष्याला भूक लागते. ती सकाळी जास्त लागते. तेव्हा आठ वाजता पिंड मांडले की आठ वाजून पाच मिनिटांनी कावळा शिवलाच पाहिजे. नाही शिवला तर चूक कावळ्याची!

हे त्यांनी वडलांच्या नवव्या दिवशी, ओट्यावर बसलेल्या भावकीला सांगितलं. माणूस श्रीरामपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अठरा वर्षं फिजिक्स शिकवतोय, त्यामुळे बोलण्यात खडूचा वास यायचाच. वेळापत्रक केल्याशिवाय सर दाढीसुद्धा करत नसत. वडलांच्या दशक्रियेचंही वेळापत्रक त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. साडेसहाला मुंडण, सातला प्रवचन, आठला पिंड, आठ पाचला कावळा, सव्वाआठला श्रद्धांजली, नऊला जेवण. खाली टीप: 'भाषणे प्रत्येकी दोन मिनिटे.' दशक्रियेतली भाषणं, आणि दोन मिनिटांत? आमच्या जिल्ह्यात? घरात दुःख होतं म्हणून कुणी हसलं नाही, एवढंच.

शिवाय दोन दिवस आधी बेलापूरला प्रवरेच्या घाटावर जाऊन त्यांनी कावळे मोजून ठेवले होते. लिंबावर चौदा. एका पिंडाला चौदा उमेदवार, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं.

"आंगदा," त्यांचे चुलते रंगनाथतात्या म्हणाले, "कावळा भुकंनं येत न्हाई बाबा. मानसाचं काय राह्यलं असलं तर त्यो फिरकत न्हाई."

"दादांचं काय राहिलंय, तात्या? बोअर मारून दिली. घर बांधलं. डॉक्टर केले. सगळं केलं मी!"

"तू म्हनतो तर न्हाई राह्यलं काय," असं म्हणून तात्यांनी तंबाखू मळायला घेतली.

आता तुम्हाला खरं सांगतो, सरांच्या या सगळ्या आकडेमोडीच्या खाली भीती होती. छगनदादा गेले ते ध्यानीमनी नसताना, उसाला पाणी देता देता. सर तेव्हा कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. फोन आला, गाडी काढली, पोचले तोवर सगळं संपलं होतं. शेवटचे दोन शब्द झाले नाहीत. दादा आपल्यावर रुसून तर गेले नाहीत, हा एकच किडा त्यांच्या डोक्यात दहा दिवस वळवळत होता. कावळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण कावळा वेळेवर यायला मात्र हवा होता.

आणि कावळा आला नाही.

आठ पाच झाले. आठ वीस झाले. पावणेनऊ झाले. तीनशे माणसं घाटावर हात बांधून उभी होती. मांडवात ध्वनिक्षेपक, लिंबाला कर्णा, एका अंगाला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. वाळूत पत्रावळीवर पांढरेशुभ्र पिंड. वर लिंबावर चौदाच्या चौदा कावळे हजर. पण एक जागचा हलेल तर शपथ! परीक्षेला बसवल्यासारखे गप्प बसून होते.

"नाश्ता करून आलेले दिसतात," सर हळूच म्हणाले. पण आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

मग रीतीप्रमाणे एकेक जण पिंडापुढे हात जोडून बोलायला लागला. आधी सरांची बायको धनश्री पुढे झाली. "मामा, तुमची म्हैस विकणार नाही आम्ही. मी स्वतः धार काढीन." धनश्रीने जन्मात म्हशीच्या जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. कावळ्यांनाही ते माहीत असावं. एकही हलला नाही.

नऊ वाजता तात्यांचा धीर सुटला. ते वाळूत गुडघ्यावर बसले आणि हुंदका देऊन म्हणाले, "दादा, वरल्या अंगाचा बांध मीच दोन हात रेटला रं! तू कळून बी कधी बोलला न्हाई. उद्याच्याला मागं घेतो. सोड रं बाबा आता!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ही गोष्ट अर्ध्या गावाला ठाऊक होती, पण तात्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कावळ्यांच्या नाही.

शेवटी सोसायटीचे चेअरमन आदिनाथभाऊ उठले. भाऊ पंचक्रोशीतला एकही दहावा चुकवत नाहीत. माइक हातात घेतला की तो परत देणं त्यांच्या जिवावर येतं. "छगनराव," भाऊ कर्ण्यातून म्हणाले, "तुमच्या वस्तीचा रस्ता मी करून देतो, हा माझा शब्द आहे!" यावर एक कावळा उठला. लोकांनी श्वास रोखला. कावळा पलीकडच्या फांदीवर जाऊन पाठ फिरवून बसला.

गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना दहाला दुसऱ्या गावी जायचं होतं. "दर्भाचा कावळा करू या का?" त्यांनी विचारलं. "शास्त्रात सोय आहे."

तेवढ्यात बायकांमधून आक्काबाई उठल्या. सरांची आई. दहा दिवसांत धड चार वाक्यं बोलली नव्हती ती माउली. ती सावकाश पुढे आली आणि म्हणाली, "आंगद, त्यांचा तेवढा प्रश्न राह्यलाय."

"कुठला प्रश्न, आई?"

"छत्रीचा."

गावात कुणालाच काही विचारावं लागलं नाही, कारण छत्रीचा प्रश्न सगळ्या गावाला पाठ होता.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी सरांनी घरावर डिश लावली. बसवणाऱ्याने पत्र्यावर चढून छत्री आग्नेयेला वळवली, बोल्ट आवळले आणि खाली उतरून छगनदादांना बजावलं, "आजोबा, हिला हात लावू नका. वर उपग्रह फिरतोय, बरोबर त्याच्याकडं तोंड केलंय." झालं! दादांनी तो प्रश्न धरला. "फिरतोय म्हनतो, मंग छत्री का फिरवावी लागत न्हाई? आन एवढं जड पडत कसं न्हाई?" पारावर विचारलं, दूध घालायला गेले तिथं विचारलं. लोक म्हणायचे, अहो, घरात फिजिक्सचा मास्तर पोसलाय ना, त्याला विचारा! दादा विचारायचे. दर सणाला, दर रविवारी. सर म्हणायचे, "पेपर तपासतोय, नंतर सांगतो." एकदा तर चिडून म्हणाले होते, "दादा, ते तुम्हाला नाही कळायचं." त्या दिवशी दादा "बरं" म्हणून गोठ्यात निघून गेले होते. त्यांची ती पाठ सरांना आता लख्ख दिसली.

"सांग की रं त्यांला आता," आक्काबाई म्हणाल्या.

तीनशे माणसं सरांकडे बघत होती. सरांनी मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. लाज वाटत होती, रडू येत होतं. पण मास्तर तो मास्तर. ते म्हणाले, "एक बादली आणि दोरी द्या."

बादली घाटावर होतीच. तात्यांनी टेम्पोतून दोरी आणली आणि कडीला गाठ मारली. सरांनी अर्धी बादली पाणी घेतलं. "मला मध्ये उभा राहायला एक माणूस लागेल. भक्कम. पृथ्वी म्हणून."

एवढ्या गर्दीत पृथ्वी व्हायला आदिनाथभाऊंशिवाय कोण पुढे येणार? वजन एकशे दहा किलो. उजव्या हातात दोरी घेतली. डाव्या हातातला माइक काही सोडला नाही.

"भाऊ, तुम्ही जागच्या जागी स्वतःभोवती फिरायचं. दोरी ताणलेली, नजर बादलीवर. बाकी काही नाही."

"थांबा!" गुरुजी मध्ये पडले. "फिरायचंच असेल तर उलटं फिरा. मृताच्या कार्यात उजवी प्रदक्षिणा चालत नाही."

"गुरुजी, पृथ्वी तशीच फिरते. वरून, उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर डावीकडेच."

"असं? मग शास्त्राला धरून आहे. चालू द्या."

आदिनाथभाऊ फिरायला लागले. आधी बादली वाळूत फरफटली. मग उचलली गेली. मग गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी वर आली. तिरकी, जवळजवळ आडवी झाली, आणि थेंबभर पाणी सांडलं नाही! गर्दीतून 'ओहो!' निघालं. चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि कुठं आलोय ते आठवून हात खाली घेतले.

"दादा, बघा!" सर पिंडाकडे बघून ओरडले. आवाज वर्गातला होता. "बादली पडत नाही, कारण ती फिरतेय! ही दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ. आणि भाऊंची एक फेरी होते तेवढ्याच वेळात बादलीची एक फेरी होते. भाऊ, बादली तुम्हाला कुठं दिसते?"

"नाकासमोर!" भाऊ फिरता फिरता कर्ण्यातून गरजले. "पृथ्वीच्या वतीनं मी सांगू इच्छितो की बादली एकाच जागी आहे! गाव फिरतंय, नदी फिरतेय, बादली हाय तिथंच हाय!"

"बघा दादा! म्हणून छत्री फिरवावी लागत नाही!"

इथंच थांबायला हवं होतं. खरंच सांगतो, इथं थांबले असते तर सरांचा घाटावर सत्कार झाला असता. पण भाऊंना माइक आणि टाळ्या एकाच वेळी मिळाल्या होत्या. त्यांनी वेग वाढवला. "छगनरावांसारखा जिज्ञासू शेतकरी," ते फिरत फिरत बोलू लागले, "या पंचक्रोशीत, माझ्या सोसायटीत..."

माइकला वायर होती. हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. भाऊंच्या प्रत्येक फेरीला वायरचा एक वेढा भाऊंच्या पायांना बसत होता. घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला...

"भाऊ, वायर!" धनश्री किंचाळली.

वायर संपली. पृथ्वी जागच्या जागी थांबली.

पृथ्वी एकदम थांबली तर काय होईल, हा प्रश्न सर दर वर्षी अकरावीला घालायचे. उत्तर त्यांनी स्वतः पहिल्यांदाच पाहिलं. भाऊ थांबले, बादली थांबली नाही. भाऊंच्या हातून दोरी सुटली. सुटलेली वस्तू गोल जात नाही, सरळ जाते, हे पुस्तकात लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. बादली सरळ गेली. प्रवचनकार खाली बसले म्हणून वाचले. ती दोरीचं शेपूट घेऊन लिंबापर्यंत गेली आणि कर्ण्यावर आपटली. भाऊ पिंडापासून हातभर अंतरावर आडवे झाले, तेही माइकसकट. मग तो कर्णा जो बोंबलला, तसा आवाज बेलापूरने आजवर ऐकला नसेल!

चौदाच्या चौदा कावळे उडाले.

ते नदी ओलांडून गेले. पलीकडच्या काठावरही एक दहावा चालला होता. ती माणसंही बिचारी कधीची ताटकळत उभी असावीत. कारण आपले चौदा कावळे तिकडच्या पिंडावर तुटून पडले आणि पलीकडे जल्लोष झाला. एक म्हातारा पाण्याच्या कडेला येऊन, दोन्ही हात वर करून ओरडला, "पावनं, लई उपकार झाले! आमचं म्हातारं सात वाजल्यापून आडलं हुतं!"

इकडे तात्यांनी भाऊंच्या पायातली वायर सोडवायला घेतली. गुरुजी मुकाट्याने दर्भ निवडू लागले.

"थांबा, गुरुजी," सर म्हणाले.

ते पिंडापुढे जाऊन वाळूत मांडी घालून बसले. खांद्यावरून खाली घसरलेलं उपरणं, अंगभर वाळू. तो वर्गातला आवाज आता नव्हता. लहानपणी वडलांशी बोलायचे तसं ते हळू बोलायला लागले.

"दादा, चुकलं माझं. तुम्हाला कळणार नाही म्हणालो. मलाच सांगता येत नव्हतं साधं करून, म्हणून चिडायचो. आता ऐका. ते पडत नाही असं नाही, दादा. ते पडतंच असतं. रात्रंदिवस पडतंय. पण पडता पडता पुढंही पळतंय. सेकंदाला तीन किलोमीटर. तुम्ही गोफणीतनं दगड भिरकावला की कुठं पडायचा? पेरूच्या बागेपर्यंत. त्याहून जोरात मारला तर नदीपर्यंत. त्याहून जोरात मारला तर आणखी लांब. आणि जमीन तर गोल आहे, ती खालून वाकत जाते. असा एक वेग असतो दादा, की दगड जेवढा खाली येतो तेवढीच जमीन खाली वाकते. मग त्याला टेकायला जागाच मिळत नाही. तो आयुष्यभर पडत राहतो आणि कधीच पडत नाही. आपला चंद्र तसाच. तो उपग्रहही तसाच. त्याची फेरी एका दिवसाची, आपल्या जमिनीचीही एका दिवसाची. दोघं बरोबर चालतात, म्हणून तो छत्रीला हलल्यासारखा वाटत नाही. एवढंच होतं, दादा. पाच मिनिटांचं होतं. ती पाच मिनिटं मी सहा वर्षं दिली नाहीत."

ते रडायला लागले. मोठ्याने, पोरासारखे. धनश्री धावली, पण तात्यांनी तिला हाताने अडवलं. "रडू दे त्याला," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा ओला झाला होता.

किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. सरांनीसुद्धा नाही. मग वरून पंखांचा आवाज आला. पलीकडून एक कावळा परत आला होता. पिंडाजवळ उतरला. मान वाकडी करून त्याने सरांकडे पाहिलं. दोन उड्या मारल्या. आणि चोच घातली.

"शिवला! शिवला!" घाटभर एकच आवाज झाला. माणसांनी हात जोडले. तात्या वाळूत लोटांगण घालून मोकळे झाले. आडव्या भाऊंनी पडल्या पडल्या छगनरावांचा जयजयकार केला. तिकडे भात संपला असेल म्हणून हा इकडे आला असेल, असा विचार सरांच्या डोक्यात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी तो बाजूला ठेवला. दादांना कळलं, दादा रुसले नाहीत, एवढंच त्यांच्या मनात राहिलं. दहा दिवसांत पहिल्यांदा ते पोटभर जेवले.

दुपारी सर आईला गाडीत शेजारी बसवून घरी निघाले. मागे तात्यांचा टेम्पो, त्यात भांडी आणि भावकी. दोन्ही बाजूंना ऊस होता. सरांना फार हलकं वाटत होतं.

"आंगद," आक्काबाई म्हणाल्या, "तू तिथं बसून काय सांगितलं रं? तू बोलला हळू, आन आमी बायका लांब. मला कायच आयकू आलं न्हाई."

"दादांच्या प्रश्नाचं उत्तर, आई. मिळालं त्यांना."

"त्यांचा कुठला रं प्रश्न!" आक्काबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "त्येंला कुठं टीव्हीचं एवढं याड हुतं? टीव्ही मी बघती. त्यो प्रश्न माझा हुता. तू मास्तर मानूस, मला इचारायला जमंना, म्हनून त्ये इचारायचे. आन येऊन सांगायचे, पोरगं कामात हाय, नंतर सांगनारे."

सरांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. "मग घाटावर त्यांचा का म्हणालीस?"

"मंग काय माझा म्हनू? मी तर जिती हाय. जित्या मानसापायी कावळा आडतो व्हय?"

गाडी रांगत चालली होती.

"आसू दे," आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज दमला तू. सवडीनं सांग. माझ्या दहाव्याच्या आत सांगितलं म्हंजी झालं."

सरांनी गाडी तिथंच रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागून टेम्पोने हॉर्न दिला. तात्या खिडकीतून डोकं काढून "काय झालं रं?" म्हणून ओरडले. सरांनी काच वर केली, आईकडे वळून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.